श्री. काहून, मु. पो. आसगाव

माहिती मागायला एक माणूस पुरतो, पण ती न देण्यासाठी अख्खं कार्यालय लागतं, हे लोकशाहीतलं एक गंभीर सत्य आहे. अर्जदार दहा रुपयांचं तिकीट डकवून मोकळा होतो. त्यानंतरची आवक बारनिशी, टिपणी, प्रतिटिपणी, सादर, पुन्हा सादर हा गाडा कुणी ओढायचा, हा विचार त्याच्या मनाला शिवतसुद्धा नाही. अशा बेफिकीर लोकांच्या देशात श्री. अविनाश रणनवरे यांच्यासारखे जन माहिती अधिकारी टिकून आहेत, ही त्या लोकांचीच पूर्वपुण्याई म्हटली पाहिजे.

रणनवरे साहेब मूळचे साताऱ्याकडचे. पूर्व विदर्भ मामा तलाव व पाटपाणी मंडळाच्या भंडारा जिल्ह्यातल्या एका उपविभागीय कार्यालयात त्यांची बदली झाली (शिक्षा म्हणून नव्हे, शिक्षेच्या बदल्यांची यादी त्या वर्षी आधीच भरली होती). मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्यात आईच्या भावाचा काही संबंध नाही, हे त्यांनी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं. तेव्हा भाषेच्या बाबतीत साहेब निष्काळजी होते, असं कुणी म्हणू नये.

मंडळाची कामं दोन. तलावाचं पाणी शेतापर्यंत पोहोचवणं, आणि ते पोहोचवणारे पाटकरी निवृत्त झाले की त्यांना, व ते वारले की त्यांच्या बायकांना पेन्शन पोहोचवणं. पहिल्या कामात पाणी मुरतं आणि दुसऱ्यात अर्ज साचतात. गेल्या वर्षी पेन्शन योजनेबद्दल माहितीच्या अधिकाराखाली दोनशे बारा अर्ज आले. त्यातल्या एकशे चौऱ्याण्णव लोकांना आपली पेन्शन का थांबली, का कमी झाली किंवा का सुरूच झाली नाही, एवढंच हवं होतं. साहेबांचं प्रशिक्षण पक्कं होतं. माहिती म्हणजे जे कागदावर आहे ते. 'का' कागदावर नसतं. 'का' हे मत आहे, कुतूहल आहे, काही वेळा तर चक्क उद्धटपणा आहे, पण माहिती नव्हे. यासाठी साहेबांनी पदरचे पैसे घालून एक शिक्का बनवून घेतला होता: 'का या स्वरूपाचा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, सबब अर्ज निकाली.' एकशे चौऱ्याण्णव अर्ज दोन दुपारींत निकाली निघाले. उरलेल्या अठरापैकी अकरा अर्जांत दीडशेहून जास्त शब्द भरले, सहा जणांनी तिकीट उलटं डकवलं होतं, आणि एक अर्ज आधीच्या साहेबांचा होता. त्यांचीही पेन्शन अडकली होती.

अशा चोख कारभारात फेब्रुवारी महिन्यात आसगावहून एक अर्ज आला. अर्जदाराचं नाव रुखमा, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी पास (जुनी चौथी, असं तिने मुद्दाम लिहिलं होतं). हस्ताक्षर मोठं आणि स्वच्छ होतं. मजकूर असा:

'साहेबाले नमस्कार. माहे घरधनी तुमच्या मंडळात पाटकरी होते. ते गेल्यापासून पेन्शन मले भेटे. पुसापासून बंद हाय. पेन्शन बंद केली काहून त्याची माहिती मले पाहिजे.'

इथे वाचकांसाठी एक खुलासा. पूस म्हणजे पौष, तो सोपा. नागपूरपासून भंडाऱ्याच्या शेवटच्या तलावापर्यंत 'काहून' म्हणजे 'का'. लहान पोरं बोलायला लागली की आई, बाबा आणि काहून याच क्रमाने बोलतात. पण साहेबांच्या कानावर तो शब्द सात महिन्यांत कधी पडला नव्हता, आणि यात त्यांचा दोष नाही. साहेबांसमोर सगळे पुस्तकी मराठीत बोलत. शिवाय कार्यालयात 'का' हा प्रश्न कुठल्याच बोलीत विचारला जात नसे.

रुखमाबाईचं म्हणणं साधं होतं. नवरा तेजराम नऊ वर्षांपूर्वी गेला. मुलगा अमर नागपूरला कारखान्यात कामाला, बायको आणि दोन पोरांसह एका खोलीत राहतो. अमर मनाने वाईट नव्हता, त्याची खोली लहान होती. पेन्शन होती म्हणून बाईची आसगावात आपली चूल होती, आपलं दार होतं, आणि कुणी आलं तर "बस, च्या मांडतो" असं म्हणायची सोय होती. पेन्शन बंद झाली तसा अमरने निरोप धाडला, "आई, इकडंच ये." बाईने सांगितलं, "मिरग लागेतोवर थांब. पेन्शन आली तं आली, नाही तं कुलूप लावून येतो." म्हणजे मृगाच्या आत पेन्शन सुरू झाली तर बाईचं घर राहणार होतं, नाही तर नाही. एवढीच बाब होती. बाकी सगळं कार्यालयीन कामकाज.

साहेबांनी अर्ज पेन्सिलीने तोडून वाचला. पेन्शन बंद केली, ही क्रिया. कुणी केली? काहून. त्याची माहिती पाहिजे. 'त्याची' हे सर्वनाम, पुल्लिंगी, एकवचनी. तेव्हा काहून हा एक पुरुष असून त्याने पेन्शन बंद केलेली आहे, इतकं व्याकरणानेच सिद्ध झालं. साहेब दहावीला मराठीत पहिले आले होते.

त्यांनी वरिष्ठ लिपिक कैलाशबाबूला आत बोलावलं.

"हे श्री. काहून. यांची फाईल आहे आपल्याकडे?"

कैलाशबाबूने अर्ज वाचला. तो सिहोऱ्याचा, म्हणजे काहून म्हणत म्हणतच मोठा झालेला. त्याचा चेहरा जराही हलला नाही. "नाही साहेब," तो म्हणाला.

"पूर्वी कधी असेल?"

कैलाशबाबूने मान तिरकी करून खरोखर विचार केला. "आपल्या ऑफिसात काहून कधीच नव्हतं, साहेब."

(हे वाक्य प्रत्येक अर्थाने खरं होतं, आणि कैलाशबाबूला त्याचा पुढे बरेच दिवस अभिमान वाटला.)

त्याने अर्थ का सांगितला नाही? तर त्याला अर्थ कुणी विचारलाच नव्हता. नोकरीच्या अकराव्या वर्षी एका साहेबांना त्याने न विचारता सांगितलं होतं की, ज्या तलावाच्या दुरुस्तीवर आपण सही करून राहिले तो तलाव त्या गावात नाहीच. बिल निघालं आणि पाठोपाठ कैलाशबाबूला मेमो निघाला: 'न मागितलेली माहिती परस्पर पुरविणे.' तेव्हापासून तो विचारलं तेवढंच सांगत आलेला. कायद्याचा आत्मा त्याच्याइतका कुणाला उमगला असेल, असं वाटत नाही.

मग शोध सुरू झाला. चार कर्मचारी, तीन दिवस, एकसष्ट गठ्ठे. त्यात गांधीलमाश्यांचं एक पोळं, दोन वर्षांपूर्वी हरवलेलं पंचिंग मशीन आणि कुठल्याच नकाशात नसलेल्या एका तलावाचा नकाशा सापडला. काहून मात्र सापडला नाही. एखाद्या आळशी अधिकाऱ्याने 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लिहून हात झटकले असते. रणनवरे साहेबांनी कलम अकरा उघडलं. ज्याची माहिती मागितली तो अर्जदाराखेरीज दुसरा कुणी असेल, तर तो त्रयस्थ व्यक्ती ठरतो आणि त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. त्याप्रमाणे रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली: 'श्री. काहून, मु. पो. आसगाव. आपली माहिती रुखमाबाई यांनी मागितली आहे. आपला आक्षेप असल्यास दहा दिवसांत कळवावे.'

पोस्टमन तिकडचाच. त्याने पाकीट उलटंसुलटं पाहिलं, पण रजिस्टर म्हणजे रजिस्टर. तो पानठेल्यावर गेला आणि तिथे बसलेल्याला म्हणाला, "काहून राहते का गा इथं?"

"काहून राहते म्हंजे? घर हाय म्हनून राहतो. तुह्या बापाचं का गेलं?"

गिरणीवर तेच झालं, आणि शाळेपाशीही. तलावाच्या पाळीवर म्हशी धूत असलेल्या एकाने तर काठी उचलली. पोस्टमनने पाकिटावर इमानदारीने शेरा मारला: 'गावात चौकशी केली. काहून विचारल्यास लोक चिडतात. सबब परत.'

साहेबांनी तो शेरा लाल शाईने अधोरेखित केला. नुसत्या नावाने गाव चिडतं, म्हणजे असामी साधी नव्हे. एका विधवेची पेन्शन बंद पाडण्याइतका वर हात पोहोचलेला माणूस, आणि त्याच्या भीतीने गाव तोंड उघडत नाही! त्या रात्री साहेबांना झोप लागली नाही. बाईला न्याय मिळवून द्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ते मनापासून होतं, हे इथे नमूद केलं पाहिजे, कारण पुढे जे झालं ते सगळं त्या तळमळीतूनच झालं.

एका सकाळी साहेबांनी स्वतः संगणकावर पेन्शनधारकांची यादी उघडली आणि रुखमाबाईच्या नोंदीवर येऊन थबकले. रकाना क्रमांक अकरा, पुनर्विवाह: होय. पतीचे नाव: काहून.

ही नोंद कशी झाली, ते सांगतो. कुटुंब पेन्शन घेणाऱ्या बाईने आपण पुन्हा लग्न केलेलं नाही, असं दरवर्षी नोव्हेंबरात लिहून द्यायचं असतं. (मंडळाच्या भाषेत पाट म्हणजे कालवा. गावात विधवेच्या दुसऱ्या लग्नालाही पाटच म्हणतात. मंडळ दोन्हींवर सारखीच नजर ठेवून असतं.) छापील नमुन्यात प्रश्न होता: 'पुनर्विवाह केला आहे काय? केला असल्यास पतीचे नाव.' पुढे टिंबटिंब. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तोंडात चार दात राहिले असताना, कुणी असं विचारलं तर बाई जे म्हणेल तेच रुखमाबाईने टिंबांवर लिहिलं: 'काहून?' म्हणजे, कशाला करू मी लग्न? तो कागद नोंदणीसाठी दूर शहरातल्या कुठल्याशा ठेकेदाराकडे गेला. तिथल्या मुलीने नावाच्या जागी जे होतं ते नाव म्हणून भरलं. संगणक नावात प्रश्नचिन्ह घेत नाही, म्हणून ते गाळलं. नाव भरल्याबरोबर 'होय' आपोआप उमटलं, आणि 'होय' उमटल्याबरोबर पेन्शन आपोआप थांबली. या सगळ्यात माणसाचा हात कुठेच लागला नाही, म्हणून कारभार पारदर्शक.

साहेबांनी खुर्ची मागे टेकली. सगळा उलगडा झाला होता. काहून हा त्रयस्थ नव्हता, नवरा होता! त्यांना बाईचा थोडा रागही आला. स्वतःच्या नवऱ्याची माहिती सरकारी खर्चाने मागवायची, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण त्यांनी राग पत्रात उतरू दिला नाही. उत्तर गेलं: 'आपण मागितलेली माहिती आपले विद्यमान पती श्री. काहून यांच्या खासगी जीवनाशी निगडित असल्याने कलम आठखाली देता येत नाही. तसेच सदर माहिती आपल्या घरीच उपलब्ध असावी. आपणांस वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छा.' शेवटचं वाक्य नियमात नव्हतं, ते साहेबांनी स्वतःच्या जबाबदारीवर घातलं.

पत्र आसगावात पोहोचलं त्या दिवशी गाव पोट धरून हसलं. शेजारची कुंताबाई रोज सकाळी कुंपणावरून विचारायला लागली, "रुखमाबाई, उठले का वं तुहे काहून? च्या देल्ला का त्यायले?" रुखमाबाईही हसली. चांगली दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं, बँकेचं पुस्तक पाहिलं आणि पदर खोचून तालुक्याच्या गाडीत बसली.

कैलाशबाबूच्या टेबलासमोर उभी राहून ती म्हणाली, "बाबू, हा काहून कोन होय?"

"बसा बाई."

"बसाले नाही आली. पुन्हा लगन केलं का म्हनून तुमीनं फारमात पुसलं. मी लिवलं काहून. म्हंजे काहून करू मी लगन या वयात? आता तुमी म्हनता नवरा हाय. हाय तं द्या धाडून. सरपन फोडाले तरी होईन कामी."

"मले समजलं बाई."

"तुले ठाऊक हाय न काहून म्हंजे का होते ते?"

"ठाऊक हाय न. मी सिहोऱ्याचा होय."

"मंग सांगत काहून नाही तुह्या साहेबाले?"

"मले पुसलं नाही त्यायनं."

"मी पुसून राहिली न!"

"तुमी तोंडी पुसून राहिल्या, बाई. अपिलाचा अर्ज देतो, तो भरा."

पण बाईने अर्ज भरायला घेतला तेव्हा कैलाशबाबूला काय झालं कोण जाणे, तो उठला आणि साहेबांच्या दारापर्यंत गेला. पडद्याला हातही लावला. तिथे त्याला दोन गोष्टी आठवल्या. पहिली म्हणजे मेमो. दुसरी जास्त कायदेशीर होती. काहून म्हणजे 'का', हे साहेबांना कळलं तर अर्ज त्याच क्षणी 'का' विचारणारा ठरणार आणि साहेबांचा हात शिक्क्याकडे जाणार. एकशे पंच्याण्णवावा अर्ज निकाली. तेव्हा गैरसमज आहे तोवरच बाईचं प्रकरण जिवंत आहे. हा हिशेब पटून तो मागे फिरला, आणि परतताना आपण बाईवर उपकार केले असंही त्याला वाटलं. माणसाला काहीही वाटू शकतं.

मे महिन्याच्या मध्यावर अपिलाची सुनावणी लागली. अपिलीय अधिकारी पुण्याच्या मुख्यालयात बसत. (पूर्व विदर्भाच्या तलावांचं मुख्यालय पुण्यात आहे, कारण तिथून सगळे तलाव सारखेच दिसतात.) सुनावणी पडद्यावर व्हायची होती. बाहेर ऊन असं की कुत्री ट्रॅक्टरखाली शिरलेली. आत कूलरसमोर रणनवरे साहेब, बाजूला कैलाशबाबू कार्यवृत्त लिहायला, दाराशी शिपाई, त्याच्यामागे व्हरांड्यात कान देऊन बसलेले सात जण, आणि मधल्या खुर्चीवर धुवट लुगड्यातली रुखमाबाई. पुण्याचा आवाज दोन सेकंद उशिरा यायचा आणि इथला तिकडे चार सेकंद उशिरा जायचा.

"आपले पती श्री. काहून आज आले आहेत का?" पडद्यावरून विचारणा झाली.

"माहा घरधनी जाऊन नऊ वरसं झाली, साहेब."

"ते पहिले पती. आम्ही सध्याच्यांबद्दल विचारतोय."

"सध्याचे कोनी नाही."

"मग हे काहून कोण?"

"काहून कोनी नोहे, साहेब! काहून म्हंजे... काहून." बाई अडली. जन्मभर ती तो शब्द वापरत आली होती, पण त्याचा अर्थ सांगायची वेळ कधी आली नव्हती. तिने आजूबाजूला पाहिलं. कैलाशबाबू लिहीत होता. शिपाई छताकडे बघत होता. मग तिला आपल्याच बोलीतला दुसरा शब्द सुचला आणि ती आनंदाने म्हणाली, "काहून म्हंजे कायले!"

"नोंद घ्या," पुण्याहून आवाज आला. "श्री. काहून ऊर्फ कायले."

कैलाशबाबूने नोंद घेतली. शिपाई पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला, आणि बाहेरून बराच वेळ त्याच्या खोकल्याचा आवाज येत राहिला.

"आता शपथेवर सांगा. आपल्या पतीचं नाव काय?"

इथे परिस्थिती नाजूक झाली. रुखमाबाईने नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. लग्नाच्या मांडवात बायकांनी अडवून धरलं होतं तेव्हाही ती रडली होती, पण नाव घेतलं नव्हतं. तेजराम होता तोवर तो 'अमरचे बाप' होता, गेल्यावर 'घरधनी' झाला. अर्जात तिने त्याचं नाव टाळलं, आणि रकान्यात लिहायची वेळ आली तेव्हा कुंताबाईकडून लिहून घेतलं. आता परपुरुषांसमोर, एका पेटीतल्या माणसाच्या सांगण्यावरून, ते नाव तोंडातून काढायचं? तिने पदर कपाळावर ओढला, खाली पाहिलं आणि हळूच, लाजून म्हटलं, "काहून?"

चार सेकंदांनी पुण्याला ते पोहोचलं. त्या लाजण्यात शंकेला जागाच नव्हती. रणनवरे साहेबांनाही गलबलून आलं.

आठ दिवसांत आदेश झाला. तो साडेतीन पानांचा असून त्यात एकही शुद्धलेखनाची चूक नाही. त्याचं सार असं. अर्जदाराने पतीचं नाव शपथेवर मान्य केलं आहे. तरीही नैसर्गिक न्याय म्हणून श्री. काहून ऊर्फ कायले यांनी मृग नक्षत्रापूर्वी आधार कार्डासह हजर राहून, आपला विवाह झालेला नाही, असं मुद्रांकावर लिहून द्यावं, म्हणजे पेन्शन पूर्ववत सुरू होईल. ते हजर न झाल्यास अर्जदाराने ते बेपत्ता असल्याची तक्रार पोलिसांत द्यावी. सात वर्षं शोध न लागल्यास त्यांना कायद्याने मृत मानता येईल व अर्जदार पुन्हा विधवा ठरतील. मात्र श्री. काहून हे मंडळाचे कर्मचारी नसल्याने त्यांची विधवा म्हणून पेन्शन देय होणार नाही. काहून आणि कायले ही एकच व्यक्ती आहे की दोन, याची चौकशी स्वतंत्रपणे चालू राहील.

कैलाशबाबूने आदेशाची प्रत बाईच्या हातात दिली.

"का म्हनते?" तिने विचारलं. (तिकडचा 'का' म्हणजे 'काय'.)

"पेन्शन नाही म्हनते."

रुखमाबाईने कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवली. या वेळी तिने काहून विचारलं नाही. कैलाशबाबू वाट पाहत होता. तिने विचारलं असतं, तर आपण सांगितलं असतं, असं तो अजूनही म्हणतो.

मृगाच्या दुसऱ्या दिवशी अमर मालवाहू ऑटो घेऊन आसगावला आला. लोखंडी पेटी, दोन गोधड्या आणि पाटा-वरवंटा वर चढवला. कोंबड्या कुंताबाईकडे दिल्या. त्या दिवशी कुंताबाईने काहूनचं नाव काढलं नाही, नुसती ऑटोची दोरी ताणून बांधत राहिली. रुखमाबाईने दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि पाट्याजवळ जागा करून बसली. फार वाईट वाटावं असं ते दृश्य होतं. ते विनोदी करून सांगायचा प्रयत्न केला, पण जमला नाही.

मंडळाच्या वार्षिक अहवालात हे प्रकरण 'अर्जदाराचा पत्ता बदलल्याने निकाली' असं आहे. एका अर्जासाठी एकसष्ट गठ्ठे तपासणारं कार्यालय म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं, आणि रणनवरे साहेबांची बढतीवर बदली झाली. निरोपसमारंभात चिवडा, पेढे, शाल, श्रीफळ असा यथासांग कार्यक्रम झाला. कैलाशबाबूला साहेबांचा खरोखर लळा लागला होता. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबासमोर त्याची पुस्तकी मराठी सुटली, आणि घरच्या बोलीत तो म्हणाला, "साहेब, इतक्या लवकर काहून जाऊन राहिले?"

साहेब पेढा टाकून खिडकीशी धावले. "कुठे? कुठल्या बाजूला गेला?"

कैलाशबाबूने बाजू दाखवली नाही, कारण ती त्याला माहीत नव्हती. जीपमध्ये बसण्यापूर्वी साहेबांनी कार्यभाराच्या कागदांत एक कोरा तक्ता जोडला. माणूस जाता जाताही किती जबाबदार असू शकतो, त्याचा हा नमुना. तक्त्याचं शीर्षक: 'श्री. काहून यांच्याविषयी माहिती असूनही ती कार्यालयास न देणाऱ्या व्यक्तींची यादी.' वरिष्ठ लिपिकाने ती पूर्ण करावी, असा शेरा.

विचारलं तेवढं सांगायचं, या नियमाने कैलाशबाबू यादी लिहायला बसला. पहिलं नाव त्याने स्वतःचं लिहिलं. मग शिपाई, पोस्टमन, पानठेलेवाला आणि सुनावणीच्या दिवशी व्हरांड्यात बसलेले सात जण. मग अख्खं आसगाव, मतदार यादी जोडून. तरी आकडा पुरा होईना. ज्यांना त्या शब्दाचा अर्थ सुरुवातीलाच नीट समजावून दिला होता, म्हातारी पडद्यासमोर अडून इकडेतिकडे पाहत होती तेव्हा जे तोंडाला रुमाल लावून हसत होते, आणि ज्यांनी अजून कुणालाही काही सांगितलेलं नाही, अशी बरीच मंडळी राहून गेली आहेत. त्यांची नावं कैलाशबाबूला माहीत नाहीत. तुमची तुम्हाला माहीत आहेत. खाली जागा सोडली आहे, स्वच्छ अक्षरात लिहा.